जॉन डेन्व्हरचं विमान आणि डाव्या खांद्यामागची कळ

घाटवाट

परवा 'घरी विमान बांधणारे' या धाग्यावर जी बाचाबाची झाली, त्यातला एक मुद्दा इथे वेगळा काढतोय. तिथेच लिहिला असता तर मूळ धाग्याचा पार विचका झाला असता. एकाने लिहिलं, घरगुती विमान म्हणजे मरणाला आवतण, जॉन डेन्व्हर नाही का गेला? दुसरा म्हणाला, तो पिऊन उडवत होता हो. तिसऱ्याने निकाल दिला, पेट्रोल संपलं होतं, विषय संपला.

जॉन डेन्व्हर कोण ते सांगायला नको. ट्रेकला शेकोटीभोवती गिटारवाल्याला जे एक रस्त्यांचं इंग्रजी गाणं हमखास येतं, ते या अमेरिकन गायकाचं. पण तो मुरलेला पायलटही होता. वडील अमेरिकन हवाई दलात होते, बी-५८ या बॉम्बर विमानावर १९६१ साली वेगाचे विक्रम केलेले. पोराच्या नावावर २,७०० तासांहून जास्त उड्डाण होतं, लिअरजेट हे छोटं जेट विमान चालवायचा परवाना होता. नवशिक्या श्रीमंताचा खेळ, अशातला भाग नाही.

१२ ऑक्टोबर १९९७, रविवार. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे विमानतळावरून तो संध्याकाळी पाचनंतर एकटाच निघाला. धावपट्टीवर टेकवून पुन्हा उचलायचं, असं तीनदा केलं आणि मग पश्चिमेला, पॅसिफिक ग्रोव्हच्या किनाऱ्याकडे वळला. साडेपाचच्या सुमारास किनाऱ्यावरच्या लोकांना विमान खालून जाताना दिसलं. उंचीचा त्यांचा अंदाज ३५० ते ५०० फूट. काहींनी फट्‌ असा आवाज ऐकला, काहींना इंजिनाचा आवाज उतरल्यासारखा वाटला. विमान उजवीकडे कललं आणि नाकावर समुद्रात गेलं. वय ५३.

आता विमानाबद्दल. लाँग-ईझी. आराखडा बर्ट रुटानचा. हा तोच रुटान, ज्याच्या 'व्हॉयेजर'ने १९८६ मध्ये न थांबता आणि वाटेत पेट्रोल न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केली. लाँग-ईझी दिसायला उलटं विमान: छोटे पंख पुढे नाकाशी, मोठे पंख मागे, इंजिन आणि पंखा शेपटीच्या जागी. दोन माणसं एकामागे एक बसतात. फोमचे ठोकळे तापल्या तारेने कापायचे, त्यावर फायबरग्लासचं कापड आणि इपॉक्सी चढवायचं, की झाला पंख. गॅरेजमध्ये होण्यासारखं काम. उभं असताना पुढचं चाक आत घेऊन ते नाकावर गुडघे टेकून बसतं. मला हे विमान फार आवडतं, त्यामुळे थोडं झुकतं माप दिलं जाईल, सांभाळून घ्या.

पंखांच्या मुळाशी दोन टाक्या, प्रत्येकी २६ गॅलनची, म्हणजे साधारण ९८ लिटर. इंजिनाला एका वेळी एकाच टाकीतून पेट्रोल जातं. डावी की उजवी, ते ठरवायची कळ रुटानच्या आराखड्यात पायलटच्या दोन पायांच्या मधे होती. मान खाली केली की दिसते, हात टाकला की लागते.

डेन्व्हरने हे विमान सेकंडहँड घेतलं होतं. ज्या गृहस्थांनी ते टेक्सासात बांधलं, त्यांना पेट्रोलच्या नळ्या कॉकपिटमधून जायला नको होत्या. म्हणून त्यांनी व्हॉल्व मागे इंजिनाजवळ बसवला, त्याला लांब दांडी जोडली आणि कळ काढली पायलटच्या डाव्या खांद्यामागच्या भिंतीवर. आग लागेल म्हणून घेतलेली काळजी. हेतू चांगला होता हो, वाईट नव्हता.

पण एका टाकीतलं पेट्रोल संपत आल्यावर तिथवर पोचायचं कसं? उजव्या हातातली विमान चालवायची दांडी सोडायची, खांद्याचा पट्टा सैल करायचा, कमरेतून डावीकडे पुरता काटकोनात वळायचं आणि मागे हात घालून कळ फिरवायची. ती कळ जड फिरायची. कुठे फिरवली की कुठली टाकी, यावर काही खूण नव्हती. टाकीत किती आहे ते दाखवणाऱ्या काचेच्या पट्ट्या मागच्या सीटपाशी होत्या, त्यांवरही आकडे नव्हते.

हे सगळं उड्डाणाआधी माहीत होतं, इथे माझं डोकं फिरतं. आदल्या दिवशी दुसऱ्या एका पायलटने डेन्व्हरला या विमानाची जेमतेम अर्ध्या तासाची तोंडओळख करून दिली. मॉन्टेरेच्या मेकॅनिकबरोबर डेन्व्हर त्या कळीबद्दल बोलला. हात पुरत नाही म्हणून दोघांनी कळीला व्हाइस-ग्रिप पक्कड लावून दांडा लांबवून बघितला. तरी पट्टा बांधलेला असताना हात पोचेना. काचपट्ट्या मान न वळवता दिसाव्यात म्हणून मेकॅनिकने तपासणीचा छोटा आरसा दिला. पेट्रोल भरू का विचारलं. डेन्व्हर म्हणाला नको, तासभरच उडणार आहे. आणि कळ फिरवायची वेळ आलीच तर विमान ऑटोपायलटवर टाकून फिरवीन.

एनटीएसबी या अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकन सरकारी बोर्डाच्या तपासनिसांनी तशाच विमानात बसून ही कसरत करून पाहिली. दर वेळी कमरेतून डावीकडे वळताना अंगाला आधार हवा म्हणून उजवा पाय आपोआप पुढे ताणला जायचा. पुढे काय असतं? उजवं रडर पॅडल, म्हणजे विमानाचं तोंड उजवीकडे वळवणारं. माझं म्हणणं एवढंच की या अपघातात पेट्रोल, दारू, घरगुती विमान ही सगळी पुढे केलेली नावं आहेत. खरी जोडी आहे ती न पोचणारी कळ आणि ५०० फुटांची उंची. यांतलं एक नसतं तर तो माणूस रात्री जेवायला घरी गेला असता.

तिरपागडा

वाखुसा (वाचनखूण साठवली). पक्कड लावून बघितली हे वाचून थबकलो. म्हणजे दोन शहाणी माणसं एका चुकीच्या जागच्या कळीकडे बघतायत आणि उपाय काय, तर पक्कड!

खडूस

असहमत. लेख छान उतरलाय, पण निष्कर्ष पायलटला फार स्वस्तात सोडतो. कळ गैरसोयीची आहे हे कळलं होतं ना? टाकीत कमी आहे हे दिसत होतं ना? भरून देतो म्हणणारा माणूस समोर उभा होता ना? मग 'नको' कोण म्हणालं? टाक्या भरल्या असत्या तर कळीला हात लावायची वेळच येत नव्हती. २,७०० तासवाल्याकडून ही अपेक्षा ठेवायची नाही तर कोणाकडून?

आणि ते मेडिकल प्रमाणपत्राचं काय? ते लेखातून अलगद गळलंय.

घाटवाट

गळलं नाही, दुसऱ्या प्रतिसादासाठी ठेवलं होतं. दारू पिऊन गाडी चालवल्याची प्रकरणं त्याच्या नावावर आधी होती आणि त्यापायी एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने, त्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र रद्द ठरवलं होतं. म्हणजे कायद्याने त्या दिवशी त्याने उडायला नको होतं. हे बरोबरच. पण म्हणून विमान पडलं असं होत नाही. रक्त तपासलं, दारू निघाली नाही. कागद वैध असता तरी ती कळ तिथेच असती.

भरलेल्या टाकीबद्दल तुमचं म्हणणं मान्य आहे, आणि बोर्डालाही मान्य आहे. त्यांनी सरळ लिहिलंय की निघण्याआधीची तयारी अपुरी, पेट्रोल भरलं नाही. पण त्याच परिच्छेदात पुढे कळीची जागा, खुणा नसलेली कळ, खुणा नसलेल्या काचपट्ट्या आणि या जातीच्या विमानाचं अपुरं प्रशिक्षण हेही आहे. मी त्यातलं एक पुढे ओढलं, तुम्ही दुसरं ओढताय.

अर्धा_पायलट

मी छोटी विमानं उडवतो, व्यवसाय म्हणून नाही. या धाग्यात उंचीवर कमी बोलणं झालंय, माझ्या मते अर्धी गोष्ट तिथेच आहे.

हिशोब करून बघा. एका इंजिनाचं छोटं विमान इंजिन बंद पडल्यावर दगडासारखं पडत नाही, घसरत खाली येतं. मिनिटाला ८०० फूट उतरतंय असं धरू. ५,००० फुटांवर असाल तर सहा मिनिटं हातात आहेत. पट्टा सैल करा, ऑटोपायलट लावा, मागे वळा, कळ नाही फिरली तर शिव्या द्या, पुन्हा वळा. पाय चुकून पॅडलवर पडला, विमान कललं, तरी सरळ करायला खाली भरपूर हवा आहे. ५०० फुटांवर तेच गणित ३८ सेकंदांचं होतं, आणि तेही विमान सरळ घसरत असेल तर. एकदा का नाक खाली गेलं, की १०० नॉटचा वेग म्हणजे सेकंदाला जवळपास १७० फूट. ४५ अंशांत खाली निघालात तर चारेक सेकंदांत पाणी.

म्हणून ऑटोपायलटची त्याची योजना मला मूर्खपणाची वाटत नाही. ती उंचीवरची योजना होती. ती ५०० फुटांवर वापरायची वेळ आली, तिथे घात झाला.

खालून उडण्याचं आणखी एक. खाली असलं की डोळे बाहेर असतात. समुद्र, खडक, घरं, वेग जाणवतो, मजा येते, खोटं कशाला बोलू. आत काट्यांकडे बघणं आपोआप कमी होतं. टाकी कोरडी होत आली हे वर असताना जितक्या सहज लक्षात येईल तितकं खाली येत नाही. इथे तर टाकी बघायला आरशात बघायचं होतं!

तुळशीबाग

कायद्याने इतकं खाली उडता येतं?

अर्धा_पायलट

ताई, अमेरिकेचा नियम असा आहे: गजबजलेल्या वस्तीवर आजूबाजूच्या २,००० फुटांतल्या सगळ्यात उंच गोष्टीच्या १,००० फूट वर. इतरत्र जमिनीपासून ५०० फूट. उघड्या पाण्यावर किंवा अगदी विरळ वस्तीत तोही आकडा नाही, फक्त कुठल्याही माणसापासून, होडीपासून, गाडीपासून, इमारतीपासून ५०० फूट लांब राहायचं. म्हणजे समुद्रावर माणसं नसतील तिथे पाण्याला चिकटून गेलात तरी नियम मोडत नाही. आणि सगळ्या नियमांच्या वर एक कलम आहे, इंजिन बंद पडलं तर खालच्या कुणाला इजा न करता उतरता येईल एवढी उंची हवीच. वाचताना हे कलम गुळगुळीत वाटतं. त्यात सगळं येतं.

सदाशिव_पेठी

आमची बजाज चेतक आठवली. सीटच्या खाली पुढे पेट्रोलचा कॉक. गाडी आचके द्यायला लागली की चालत्या गाडीवर खाली वाकून, उजव्या हाताने ॲक्सिलरेटर धरून, डाव्या हाताने चाचपडत रिझर्व्हला लावायचा. लक्ष्मी रोडला भर गर्दीत. दर पंधरा दिवसांनी मरणाच्या दारातून परत यायचो, पण कंपनीला कुणी पत्र लिहिल्याचं आठवत नाही. सवय झाली होती.

दाभण

सपे, तुमचा प्रतिसाद गंमतीचा असला तरी मुद्दा तिथेच आहे. (मी यंत्रांचं डिझाइन करतो, चाकणला. विमानांशी संबंध नाही.)

आमच्याकडे प्रेसवर आपत्कालीन लाल बटण कुठे असावं यावर तासन्‌तास भांडणं होतात. नेहमी वापरात नसलेली गोष्ट लांब ठेवायचा मोह होतो, कारण रोजच्या कामात ती अडचण करते. पण जी गोष्ट फक्त संकटात लागते, ती संकटातल्या माणसाच्या हाताला लागली पाहिजे. घाबरलेल्या, पट्ट्यात अडकलेल्या माणसाच्या हाताला. टेबलावर चित्र काढताना हे सुचत नाही, कारण चित्र काढणारा निवांत असतो.

त्या टेक्सासच्या गृहस्थांनी एक धोका बघितला, कॉकपिटमध्ये पेट्रोल. त्यावर बिनतोड उपाय काढला. त्या उपायाने दुसरा धोका जन्माला घातला, आणि तो त्यांना स्वतःला कधी जाणवला नसेल, कारण त्यांनीच बांधलेलं विमान, त्यांचाच हात, त्यांचीच सवय. विमान विकलं गेलं तेव्हा कळ विमानासोबत गेली, सवय सोबत गेली नाही.

आणखी एक. लाँग-ईझीचे पुढचे छोटे पंख अशा हिशोबाने बसवलेत की वेग कमी झाला तर ते आधी स्टॉल होतात, म्हणजे त्यांची उचलून धरायची ताकद जाते, नाक आपोआप थोडं खाली येतं आणि मोठे पंख स्टॉल होतच नाहीत. नवखे पायलट खाली, हळू उडताना ज्या प्रकाराने सगळ्यात जास्त मरतात, तो प्रकार रुटानने कागदावरच बंद केला. पण रडरचं काय करणार? या विमानाला शेपूट नाही, रडर पंखांच्या टोकांवरच्या उभ्या पात्यांत आहेत. दोन्ही पॅडल वेगवेगळी, उजवं दाबलं की फक्त उजव्या टोकाचं रडर बाहेर उघडतं. मागे वळलेल्या माणसाचा पाय त्यावर ताणला, की विमान आज्ञाधारकपणे उजवीकडे जातं. ते फक्त सांगितलेलं करत होतं.

खडूस

दाभण, हे पटलं. पण मग बांधणाऱ्याला परवानगी दिलीच कशी? सरकारी माणूस येऊन बघतो ना?

घाटवाट

येतो. पण काय बघतो ते महत्त्वाचं. अमेरिकेत घरी बांधलेलं विमान 'एक्सपेरिमेंटल' या वर्गात नोंदवतात. अट अशी की निम्म्याहून जास्त काम हौसेखातर, शिकण्यासाठी, बांधणाऱ्याने स्वतः केलेलं हवं. तो माणूसच कायद्याने विमानाचा उत्पादक. रुटानच्या आराखड्याला धरून बांधलंच पाहिजे असं बंधन नाही, कळ हलवली तर ती त्याची मर्जी. निरीक्षक कागद बघतो, काम नीटनेटकं आहे का बघतो, मग ठरावीक तास विरळ वस्तीच्या भागावर, प्रवासी न घेता उडवायचे. कॉकपिटमध्ये 'एक्सपेरिमेंटल' अशी ठळक पाटी लावावी लागते, प्रवाशाला कळावं म्हणून.

ही मोकळीक नसती तर रुटान झालाच नसता, हे मी पुन्हा पुन्हा सांगणार. फोम आणि फायबरग्लासची ही पद्धत गॅरेजमधून वर आली.

सनीव्हेलकर

आम्ही इथून दीड तासावर. पॅसिफिक ग्रोव्हला मराठी मंडळींची शनिवार-रविवारची सहल ठरलेली असते, कुणी पाहुणे आले की मॉन्टेरेचं मत्स्यालय आणि मग तो किनारा. विमान पडलं तो भाग पॉइंट पिनोसच्या दीपगृहापासून जवळ आहे. पडलं तेही किनाऱ्यापासून फार लांब नाही, काठावर उभं राहून दगड भिरकावला तर पोचणार नाही, पण पोहणारा पोचेल एवढ्यावर. म्हणूनच साक्षीदार इतके.

एक सांगतो, त्या भागात दुपारनंतर आकाश स्वच्छ असेल तर छोटी विमानं किनाऱ्याला धरून खालूनच जातात. मी स्वतः कितीदा बघितली आहेत. खालचं दृश्यच तसं आहे. त्यामुळे डेन्व्हर खाली का होता, यामागे काही गूढ शोधायला जाऊ नका.

तिरपागडा

कळ शेवटी कुठल्या स्थितीत सापडली? फिरवायच्या आधीच पडला की फिरवताना?

घाटवाट

चांगला प्रश्न. अवशेषांत व्हॉल्व धड इकडे ना तिकडे, मधेच अडकलेल्या स्थितीत सापडला. म्हणजे हात कळीपर्यंत पोचला होता असं दिसतं. बोर्डाने जे कारण नोंदवलं ते असं: कळ फिरवण्याच्या धडपडीत विमान चालवण्यावरचं लक्ष उडालं आणि नकळत उजवं रडर दाबलं जाऊन ताबा गेला. इंजिन बंद पडणं हे त्या वाक्याच्या मध्यभागी नाही, बघा. बंद इंजिनानिशी लाँग-ईझी चांगलं घसरतं. पाण्यावर सपाट उतरवता आलं असतं की नाही हा वेगळा वाद, पण सपाट उतरायला आधी पुढे तोंड करून बसावं लागतं.

अर्धा_पायलट

+१. यावर जुनं सूत्र आहे, इंग्रजीत तीन शब्दांचं, प्रत्येक पायलटला पहिल्या दिवसापासून ऐकवतात: आधी विमान उडव, मग कुठे चाललोय ते बघ, मग बोलायचं ते बोल. इंजिन गेलं तरी आधी विमान उडव. टाकी बदलणं त्याच्यानंतर. पण हे सूत्र गृहीत धरतं की टाकी बदलतानाही तुमचा एक हात आणि दोन्ही पाय विमानावर आहेत. इथे दोन्हीपैकी एकच करता येईल अशी रचना होती. विमान उडव किंवा टाकी बदल.

खालून उडताना जीव गमावणाऱ्यांचा दुसरा मोठा गट वेगळाच असतो, तेही सांगून टाकतो. खाली ओळखीचं घर, मित्र, बोट, प्राणी दिसला की त्याच्याभोवती गोल मारायचा. अलास्कात याला मूस टर्न म्हणतात, खालच्या मूस हरणाकडे बघत बघत मारलेलं वळण. विमान जितकं जास्त कलवाल तितका पंखांवर भार वाढतो. ६० अंश कलवलं तर भार दुप्पट, आणि स्टॉलचा वेग ४१ टक्क्यांनी वर चढतो. सरळ उडताना ५० नॉटला स्टॉल होणारं विमान या वळणात ७० ला होतं. पायलटचा डोळा हरणावर, वेगाच्या काट्यावर नाही. ३०० फुटांवर हे झालं तर सावरायला जागा नाही. आणि विजेच्या तारा! तार वरून दिसत नाही, खांब दिसतात. खांब दिसले की मधे तार आहे असं समजूनच चालायचं, आणि खांबाच्या डोक्यावरून ओलांडायचं.

तुळशीबाग

अवांतर होईल, पण आपल्याकडे घरी विमान बांधायची सोय आहे का? ते कांदिवलीचे कॅप्टन अमोल यादव, गच्चीवर विमान बांधलं होतं ना?

दाभण

अवांतर नाही, मूळ धाग्यापेक्षा इथेच शोभतंय. हो, चारकोपला इमारतीच्या गच्चीवर बांधलं. सहा आसनी. २०१६ च्या फेब्रुवारीत बीकेसीला 'मेक इन इंडिया'त ते मांडलं तेव्हा मी बघायला गेलो होतो. बाकी मोठमोठ्या कंपन्यांचे मंडप ओलांडून लोक या विमानापाशी येत होते. जवळून पाहिलं तर पत्र्यावरचे रिव्हेट एका ओळीत, एकसारखे. वर्कशॉपमध्ये ज्यांनी रिव्हेट मारलेत त्यांना कळेल त्यात माणसाने किती जीव ओतला असेल. पण परवानगीसाठी कित्येक वर्षं खेटे घालावे लागले, तेव्हा कुठे २०१७ च्या नोव्हेंबरात नोंदणी मिळाली, व्हीटी-एनएमडी.

अमेरिकेत रुटानच्या काळात आराखडा विकत घेतला की शेजारच्या गावात तेच विमान बांधणारा दुसरा कुणी सापडायचा. ईएए नावाची हौशी लोकांची संघटना १९५३ पासून आहे, त्यांचे अनुभवी सभासद येऊन तुमचं अर्धवट विमान बघतात, चुका सांगतात. आपल्याकडे गच्चीवर एकटा माणूस. चूक सांगणार कोण?

खडूस

तिकडे चूक सांगणारे होते म्हणता, तरी ती कळ खांद्यामागे राहिलीच की. सल्ला देणारे असतात, ऐकणं ऐच्छिक असतं.

घाटवाट

हे मात्र खरं. पण तुमच्या मूळ मुद्द्याला अजूनही माझा विरोध आहे. पायलटने पेट्रोल भरायला हवं होतं, शंभर टक्के. पण समजा भरलं असतं. मग त्या रविवारी काही झालं नसतं. कळ तशीच राहिली असती आणि पुढच्या कुठल्यातरी लांबच्या प्रवासात, दोनशे मैलांवर, ती फिरवावी लागलीच असती. टाक्या दोन आहेत म्हणजे कळ फिरवणं आलंच.

खडूस

पुढच्या प्रवासात तो ५,००० फुटांवर असता. अर्धा_पायलट यांचा हिशोब वाचा, सहा मिनिटं. माझं म्हणणं तेच, उंची निवडणं पायलटच्या हातात होतं.

घाटवाट

बरं. उंचीवर आपलं जमलं म्हणायचं.

काकू_ठाणे

मुलगा सिंगापूरला विमान शिकतोय, म्हणून सगळा धागा दोनदा वाचला. समजा कुणी असं बांधलेलं विमान सेकंडहँड घेत असेल, तर आधी काय बघावं? घाबरवू नका, सरळ सांगा.

अर्धा_पायलट

काकू, घाबरवत नाही. मी काय बघतो ते सांगतो.

पहिलं, विमान जमिनीवर असताना पट्टे पूर्ण आवळून बसायचं आणि डोळे मिटायचे. मग एकेक कळ हाताने शोधायची: टाकी बदलायची, पेट्रोल बंद करायची, इंजिन बंद करायची, दार उघडायची. पट्टा सैल न करता जी सापडत नाही, ती हलवून घेतल्याशिवाय विमान हलवायचं नाही. पक्कड लावून नव्हे, मेकॅनिककडून.

दुसरं, प्रत्येक कळीवर खूण आहे का आणि ती खरी आहे का. टाक्या रिकाम्या करून पाच-पाच लिटर मोजून ओतायचे आणि काचपट्टीवर स्वतः रेघा मारायच्या, विमान उडताना असतं तसं सपाट ठेवून. गुडघे टेकून बसलेल्या लाँग-ईझीत पट्टी वेगळंच सांगते.

तिसरं, त्याच जातीचं विमान शेकडो तास उडवलेल्या माणसाबरोबर बसायचं, अर्धा तास नाही, त्याचं समाधान होईपर्यंत. आधीचे २,७०० तास दुसऱ्या विमानांतले असतील तर हात त्या विमानांच्या सवयीने जातो.

आणि पहिले काही तास ३,००० फुटांच्या खाली फिरकायचं नाही. किनारा वरूनही दिसतो.

काकू_ठाणे

धन्यवाद. डोळे मिटून कळ शोधायचं त्याला आजच फोन करून सांगते. तो म्हणेल आई तुला काय कळतं, पण सांगते.

तिरपागडा

काकू, त्याला धाग्याची लिंकच पाठवा. पक्कडवाला परिच्छेद आधी वाचायला सांगा.